निजलेल्याचा कान ओळखणाऱ्या कुसुमताई

डॉ. कुसुम घाटोळे यांची आणि माझी पहिली ओळख झाली तेव्हा मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला होता. हात राखेने भरलेला होता, कारण मी भांडी घासता घासता उठले होते. साठीच्या गौरवग्रंथातला लेख असा सुरू होणं शोभत नाही, हे मला कळतं. पण समितीचा निरोप होता की पहिल्या भेटीपासून सांगा, आणि पहिली भेट ही अशी आहे. मी सांगते, माझी नात पुष्पा लिहून घेते. माझं बोलणं ती इस्त्री करून तुमच्यापुढे ठेवते. कुठं सुरकुती राहिली असेल तर तिथं मी अडून बसले होते असं समजावं.

त्याला आता वीस वर्षं होत आली. आम्ही तेव्हा भिलाईत, खुर्सीपारला क्वार्टरमध्ये राहत होतो. माझा मुलगा दिनकर पोलादाच्या प्लांटमध्ये भट्टीवर होता, तीन पाळ्यांची ड्यूटी. त्या दिवशी तो रात्रपाळी करून आतल्या खोलीत झोपलेला, सकाळचे अकरा वाजलेले. दारात एक बाई उभ्या राहिल्या. काखेत फाइल, पायात पुरुषी चपला, आणि आवाज असा की कॉलेजच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचावा.

“नमस्कार! मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, झोपेचा…”

पुढचं मी हातानं बंद केलं. “हळू बोला ना बाई! पोरगा झोपून राहिला माझा. नाइटचा आहे.”

मी हात काढला. त्यांच्या ओठांवर राख तशीच होती. पुसलीसुद्धा नाही त्यांनी. अगदी कुजबुजत म्हणाल्या, “मावशी, मी त्याच्यासाठीच आले आहे.”

“कावून? काय केलं त्यानं?”

“काही नाही. झोपला आहे ना, तेवढंच.”

“हे माय! आता झोपणंही गुन्हा झाला का?”

त्यांना हसू आलं आणि ते त्यांनी पदरात दाबलं. आवाज होऊ नये म्हणून हसू गिळणारी शिकलेली बाई मी पहिल्यांदा पाहत होते. तेवढ्यासाठी मी त्यांना आत घेतलं. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत कुसुमताईंनी आवाज चढवला तो एकदाच. ते पुढे येईल.

पाळीवाल्यांच्या गल्लीत जे राहिले त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे दिवसा कोणत्या ना कोणत्या घरात माणूस झोपलेला असायचाच. म्हणून दारांच्या कड्यांना चिंध्या बांधलेल्या. भाजीवाला गल्लीच्या तोंडाशी आला की मुका व्हायचा आणि वांगं हातात धरून दाखवत पुढे सरकायचा. बायका भांडायच्या त्याही कुजबुजत, त्यात शिव्यांची निम्मी चव जायची. आणि झोपलेल्याला हाक मारून उठवायचं नाही, हा तर नियमच. हाकेनं जीव दचकतो, असं सासूनं मला सांगितलं होतं, मी सुनेला सांगितलं. मग उठवायचं कसं? तर डबा भरायचा आणि खटका लावायचा. आमचा तीन पुडांचा पितळी डबा होता, त्याचा खटका बसला की ‘खट’ असा आवाज व्हायचा. तेवढ्यानं आतून आवाज यायचा, “हो, उठलो.” दिनकरच्या बापाचंही असंच होतं, दिनकरचंही तसंच.

कुसुमताईंचा अभ्यास होता तो हा: पाळीच्या कामानं झोप बिघडलेली माणसं कशी झोपतात, आणि वेळ आली तर कशानं उठतात. गल्लीतल्या पोरांनी त्यांचं नाव ‘नींदवाली मॅडम’ ठेवलं होतं. मी त्यांना तोंडावर विचारलं, “लोकं जागेपणी कमी तरासात आहेत का, की तुम्ही त्यांच्या झोपेत घुसून राहिल्या?” त्या म्हणाल्या, “जागेपणी विचारणारे पुष्कळ आहेत, मावशी. झोपेत त्यांच्याकडे कोण पाहतं?”

“मी पाहतो न,” माझ्या तोंडून निघून गेलं.

“काय पाहता?”

“श्वास चालू आहे का ते.”

दुसरं कोणी असतं तर हसलं असतं. कुसुमताई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या एक पितळी वाटी आणि एक मातीचं बोळकं घेऊन आल्या. म्हणाल्या, “तुमच्याकडे चिंचोके असतील. त्यानं कूस बदलली की एक वाटीत टाकायचा. दचकला, बडबडला की एक बोळक्यात. तुम्ही बसताच त्याच्यापाशी, तर माझ्या कामाला लागा.”

अशी मी त्यांची सहकारी झाले. बाकीच्या घरांत त्यांनी छापील कागद दिले होते, शिकलेली माणसं त्यावर खुणा करायची. माझ्याकडे वाटी आणि बोळकं. संध्याकाळी त्या यायच्या, मांडी घालून चिंचोके मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. एकदा त्यांच्यासोबत कॉलेजातले एक प्राध्यापक आले. बोळक्यात डोकावून म्हणाले, “मॅडम, चिंचोक्यांवर कुठं शास्त्र उभं राहतं का?” माझा चहा गाळणीतच थांबला. कुसुमताईंनी वही उघडली आणि शांतपणे म्हणाल्या, “सर, तुमच्या घरीही मी कागद दिला होता, त्यावर तीन दिवस कोरे आहेत. मावशींचा एकही नाही.” सरांनी चहा घेतला, बिस्किट घेतलं नाही.

त्या संध्याकाळी ते सर गेल्यावर मी कुसुमताईंना दिनकरच्या बापाची गोष्ट सांगितली. तोवर पूर्ण कोणालाच सांगितली नव्हती. तेही असेच रात्रपाळी करून आले, भाकर खाल्ली, आडवे झाले. मी गल्ली चूप केली. पोरांना हाकललं, शेजारणीचा रेडिओ बंद करवला, स्वतः दाराशी बसून राहिले. चार वाजता डबा भरला, खटका लावला, आणि आतून ‘हो, उठलो’ आलं नाही. मी परत उघडून परत लावला. डॉक्टर म्हणाले, दहा-अकराच्या सुमारासच हृदय थांबलं असेल. म्हणजे इतके तास मी गेलेल्या माणसाची झोप राखत बसले होते.

कुसुमताईंनी वही मिटून बाजूला ठेवली. मीच विचारलं, “हाक मारली असती तं वाचले असते का?”

“मला माहीत नाही, मावशी. आणि जे माहीत नाही ते मी तुम्हाला सांगणार नाही.”

मला राग आला होता. खोटं का होईना, ‘नाही’ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण पुढे मला समजलं की ज्या बाईनं तेव्हा गोड बोलून माझी समजूत काढली नाही, तिच्याच शब्दावर जीव टाकता येतो. तो टाकायची वेळही आली.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी घंटी आणली. प्लांटातल्या एका इलेक्ट्रिशियनकडून लाकडी पेटीत बसवून घेतलेली, व्हरांड्यात तिचं बटण. कारखान्यात, वसतिगृहात, दवाखान्यात आगीची घंटी लावतात, पण झोपलेला माणूस तिनं उठतो का हे त्यांना पाहायचं होतं. घंटी दिनकरच्या उशाशी ठेवली, दुपारी तो गाढ झोपला तेव्हा बटण दाबलं. ते वाजणं काय सांगू! आमची शेजारीण दुलारी पिठाचे हात घेऊन धावत आली, तिच्या छत्तीसगढीत ओरडली, “का होगे दाई? आगी लगगे का?” तिच्यामागे सारी गल्ली. कोणाच्या हातात बादली, कोणाच्या कडेवर पोर. आणि दिनकरनं कूस बदलली, चादर कानावर ओढून घेतली. मी सवयीनं वाटीत एक चिंचोका टाकला. लोक पोट धरून हसले.

कुसुमताई हसत नव्हत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाल्या, “मावशी, ही घंटी सगळ्यांना उठवते. झोपला आहे त्याला सोडून.”

दिनकर उठल्यावर त्यांनी विचारलं, “घंटी ऐकू आली होती?”

“आली न, मॅडम,” तो जांभई देत म्हणाला. “मले वाटलं प्लांटात वाजून राहिली. तिथं पाहणारी माणसं असतेत.”

हे एवढंसं बोलणं त्यांनी वहीत लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. मला समजावून सांगितलं तेही इतकं सोपं की आजही आठवतं. निजलेल्याचे कान बंद नसतात. तो सगळं ऐकतो, पण त्यातलं आपलं काय आणि दुसऱ्याचं काय, हे झोपेतच निवडतो. दुसऱ्याचं असेल तर कूस बदलतो. “घंटी बनवणारा माणूस जागा असतो, मावशी. तो जाग्या कानानं ती तपासतो, आणि खूश होऊन घरी जातो.”

त्यानंतर काही दिवसांनी त्या सकाळच्या आल्या होत्या. दिनकर डबल ड्यूटी करून झोपलेला, दुपारी दोनला परत जायचं होतं. मी डबा भरला, खटका लावला. आतून आवाज आला, “हो, उठलो.”

कुसुमताईंच्या हातची पेन्सिल पडली. “हे कधीपासून?”

“त्याच्या पहिल्या ड्यूटीपासून.”

“एवढ्याशा आवाजानं?”

“मग काय आग लागली तं मी डबा भरत बसू?” मी थट्टेनं म्हणाले.

त्या म्हणाल्या, “हो.” आणि थट्टा नव्हती त्यात.

त्यांनी मला विचारलं होतं की घरात आगीची भीती कुठं वाटते. मी कूलर दाखवला. दिनकरनं जुन्या मोटरीवर स्वतः बांधलेला पत्र्याचा कूलर आतल्या खोलीच्या खिडकीत बसवला होता, गवताच्या पट्ट्या, आणि पाणी संपलं की मोटर तापायची. त्या खोलीला खिडकी तेवढी एकच. कुसुमताईंनी घंटीची तार कूलरपर्यंत नेली आणि तिथं मेणाची गोळी बसवली. गरमीनं मेण वितळलं की तार जुळणार आणि घंटी वाजणार. घंटीनं दिनकर उठणार नव्हता हे त्यांना ठाऊक होतं, पण ती ऐकून मी तरी धावेन, हा हिशेब. बरा होता. फक्त मे महिना आणि भिलाई यांचा विचार त्यात नव्हता. दोन दिवस दुपारी लूचा गरम वारा सुटला, नुसत्या हवेनंच मेण मऊ झालं आणि घंटी वाजली. गल्ली धावली, मी शरमले. तिसऱ्या दिवशी मी घंटीला टॉवेल गुंडाळला, वर सुतळी बांधली.

आता नीट ऐका, कारण ही चूक पाळीवाल्याच्या घरातली बाईच करू शकते. जो माणूस घंटीनं उठतच नव्हता, त्याची झोप मोडू नये म्हणून मी घंटीचं तोंड बांधलं. कुसुमताईंना सांगितलंही नाही. आमच्याकडे जे वाजतं त्याला चिंधी बांधायची, हे हातालाच माहीत होतं.

सून तेव्हा दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. पुष्पा, म्हणजे हीच जी आता लिहून राहिली आहे, तीन वर्षांची, बापाजवळ झोपलेली. उठल्यावर खाईन म्हणून तिनं माझ्याकडून बादलीत आंबा भिजत घालून घेतला होता. गल्लीतली पोरं शिरतात म्हणून दिनकरनं आतल्या खोलीच्या दाराला आतून कडी लावलेली. मी मागच्या अंगणात नळावर होते. नळाला पाणी बारीक, हंडा भरेना. कूलरमध्ये पाणी टाकायचं राहिलं आहे, हे मला तिथं उभी असतानाच आठवलं. हंडा तसाच सोडून वळले, तर खिडकीतून पांढरा धूर. गवत पेटलं होतं, आणि पंखा चालूच, तो धूर आत ओढत होता.

दाराशी गेले तर आत घंटी वाजत होती. टॉवेलात कोंडलेली, मधमाशीसारखी. तो आवाज मी अजून विसरले नाही. मी दार बडवलं. आयुष्यात पहिल्यांदा झोपलेल्या पोराच्या नावानं ओरडले, “दिनकर! दिनकर रे!” दुलारी आली, तिचा नवरा आला, दहा माणसं आली. कोणी लाथा घालत होतं, कोणी दार उचकटायला सब्बल आणायला धावलं, कोणी खिडकीवर बादल्या मारत होतं. बायका रडत होत्या. दार हलत नव्हतं. आतून काही नाही. नुसता धूर, दाराच्या फटीतून, माझ्या पायांवर.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कुसुमताई दिसल्या. त्यांचा यायचा दिवस होता. त्या धावत आल्या, एक क्षण दाराकडे पाहिलं आणि ओरडल्या. तोच तो, एकदाच चढवलेला आवाज:

“चूप! सगळे चूप! एकदम चूप!”

सगळे थबकले. आणि मला सांगायचं आहे की त्या क्षणी मला त्यांचा जितका राग आला तितका कोणाचा आला नाही. चूप? या दाराशी? एकदा चूप बसले होते मी, चार वाजेपर्यंत. माझ्या तोंडाशी आलं होतं की बाई, तुम्ही व्हा बाजूला. पण त्या माझ्याकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, “मावशी, डबा.”

डबा घासून व्हरांड्यात उपडा टाकला होता. मी तो उचलला. पुडं एकात एक बसेनात. कुसुमताईंनी माझ्या हातावर हात ठेवून ती बसवली. मी दाराशी जमिनीवर वाकले, फटीला डबा लावला. मागे एवढी माणसं, पण श्वासाचा आवाज नाही. मी खटका लावला.

खट.

काही नाही. धूर माझ्या डोळ्यांत गेला. मला दिनकरच्या बापाच्या वेळचा डबा आठवला, तो जो मी उघडून परत लावला होता. मला परत लावायची हिंमत होईना. कुसुमताई कानाशी म्हणाल्या, “रोजसारखा. घाईनं नाही, मावशी. रोजसारखा.”

मी उघडला. रोजसारखा लावला. रोज तो उठल्यावर म्हणते ते आज आधीच म्हणाले, “दिनू, भोंगा झाला.”

आतून खोकला आला. आणि मग, “हो… उठलो.”

पुढचं भराभर झालं. कडी पडली, दार उघडलं, धुरातून दिनकर पोरीला छातीशी धरून बाहेर पडला आणि अंगणात गुडघ्यांवर बसला. दुलारीच्या नवऱ्यानं मेन स्विच पाडला, लोकांनी कूलर विझवला. पुष्पाची मान लटकलेली होती. कुसुमताईंनी तिला घेतलं, उघड्यावर नेलं, पाठ चोळली, तोंडावर पाणी मारलं. किती वेळ ते मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की गल्ली अजूनही चूप होती आणि मी मनात म्हणत होते, आता कोणीतरी आवाज करा. मग ती ठसकली, डोळे उघडले आणि चिडून म्हणाली, “आजी, आंबा भिजला का?”

(पुष्पा म्हणते हे वाक्य गाळू. मी म्हणते, हेच राहील, बाकीचं गाळ.)

संध्याकाळी कुसुमताई आत गेल्या. घंटीवरचा टॉवेल एका बाजूनं जळला होता. त्यांनी सुतळी सोडली, टॉवेल हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

“हा कावून, मावशी?”

“त्याची झोप मोडू नये म्हणून.”

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसायला लागलो. हसता हसता मी खालीच बसले, त्याही माझ्याशेजारी बसल्या. रागाचा एक शब्द त्या बोलल्या नाहीत. मी सांगते, बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पावसाळ्यानंतर त्यांच्या कॉलेजात सभा झाली, भोपाळहून मोठी माणसं आली होती. कुसुमताईंनी मला रिक्षात घालून नेलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. मला वाटलं, आता डब्याची गोष्ट सांगतील, टाळ्या घेतील. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मी लावलेली घंटी नापास झाली.” मेण मे महिन्यात मऊ होतं हे आधी तपासलं नाही, ही चूक माझी. ज्या घरात वर्षानुवर्षं आवाज बांधून ठेवतात तिथं घंटीही बांधली जाईल हे ओळखलं नाही, हीदेखील माझीच. टॉवेल गुंडाळणाऱ्या बाईची नाही. असं भर सभेत. मागून कोणीतरी विचारलं, या निरीक्षण करणाऱ्या बाईंचं शिक्षण किती? कुसुमताई म्हणाल्या, “जागरण.” सभेत हसू पिकलं. मी मात्र तेव्हापासून कोणी शिक्षण विचारलं की हेच सांगते.

त्यानंतर त्यांनी कामाची रीतच बदलली. कोणत्याही घरात गेल्या की घंटीचं नाव काढण्याआधी विचारायच्या, “तुमच्याकडचा झोपलेला माणूस कशानं उठतो?” एका घरी पेपर उलगडल्याच्या आवाजानं, एका घरी शेळी खुंट्याशी ओढ खाते त्यानं. दुलारीचा नवरा तर दुलारी बोलायची थांबली की उठायचा, हे मी स्वतः कुसुमताईंना सांगितलं आणि त्यांनी खरंच तपासून वहीत लिहिलं. प्रत्येक घरात तो आवाज निदान दोघांना माहीत असला पाहिजे आणि दिवसा झोपणाऱ्यानं आतून कडी लावायची नाही, एवढं त्यांनी खुर्सीपारच्या घराघरांत फिरून सांगितलं, कॅम्प-१ च्या वस्तीतही सांगितलं. त्यांचे मोठे लेख कुठं छापून आले ते दुसरे लोक या ग्रंथात लिहितीलच. आमच्या दारांच्या आतल्या कड्या निघाल्या, ते मी पाहिलं आहे.

आता त्यांच्या मायेबद्दल. आगीनंतर दिनकर आठवड्यात ड्यूटीवर गेला, पुष्पा दोन दिवसांत खेळायला लागली. झोप गेली ती माझी. कुठं काही तडतडलं की उठून बसायचे. कुसुमताईंना हे मी सांगितलं नाही, त्यांनी चिंचोक्यांवरून ओळखलं. म्हणाल्या, “मावशी, वाटीत इतके? तुम्ही रात्रीही मोजून राहिल्या का?” त्यानंतर महिनाभर कॉलेज सुटलं की दुपारच्या यायच्या, खुर्ची ओढून माझ्या खाटेशी बसायच्या. “निजा तुम्ही. मी पाहते.” मी म्हणायची, “काय पाहता?” त्या म्हणायच्या, “तुम्ही जे पाहता तेच.” नवरा गेल्यापासून मी झोपले असताना माझ्याकडे पाहणारं कोणी नव्हतं. मी झोपले. खरंच झोपले.

एका दुपारी मी जागी झाले तर राखण करणाऱ्या बाईच खुर्चीत झोपलेल्या. तोंड उघडं, चष्मा नाकावर, वही जमिनीवर. बाहेर भोंगा झाला, त्या हलल्या नाहीत. पोरांनी पत्र्यावर चेंडू मारला, नाही. मला गंमत सुचली. मी वाटी ओढली आणि एक चिंचोका टाकला. टक.

ताडकन डोळे उघडले. “काय झालं? कूस बदलली का?”

हे गुपित मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. आज सांगते, त्याला कारण आहे. कुसुमताईंनी अख्ख्या भिलाईला विचारलं की तुम्हाला कोण उठवतं, कशानं उठवतं. त्यांना कोणी विचारलं नाही. मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “मला कोण उठवणार, मावशी? एकटीच आहे मी.” आता आम्हीही त्यांच्या स्मृति नगरला राहायला आलो आहोत, त्यांच्या घरापासून तिसरं दार आमचं. खिडकीत त्यांचा कूलर दिसतो. उन्हाळ्यात दुपारी त्यांच्याकडे शांतता झाली की मी अजून उठून तो कूलर चालू आहे का ते पाहते. हे वयाचं आहे असं पुष्पा म्हणते. तिला काय, ती तर आंब्यासाठी जागी होणारी.

म्हणून मी माझी सोय केली आहे. ती पितळी वाटी त्यांच्या बाहेरच्या खिडकीत ठेवली आहे, त्यांना वाटतं मी विसरले. चिंचोके माझ्या कनवटीला असतात. पुष्पाला दाखवून ठेवलं आहे की वाटी कुठं आणि टाकायचं कसं, घाईनं नाही, रोजसारखं. दोघांना माहीत असलं पाहिजे, हा त्यांचाच नियम. आणि आतली कडी मी दिनकरला सांगून मागेच काढवली. त्या मला म्हणाल्या, “मावशी, माझ्या घराची कडी कुठं गेली?” मी म्हणाले, “तुम्हीच तं सांगता, बाई.”

कुसुमताई, साठ झाली. याच्यापुढेही पुष्कळ वर्षं तुमची तब्येत धडधाकट राहो, पाय चालत राहोत, वही भरत राहो. पण साठ वर्षं तुम्ही जागल्या, त्यातली वीसेक आमच्यासाठी, तर आता दुपारचं तरी निजत जा. गाढ निजा. कूस बदलली तरी चालेल, बदलली तर मी मोजीन. आणि कधी वेळ आलीच, तर लोक दार बडवतील, हाका मारतील, तिकडे तुम्ही लक्ष देऊ नका. वाटीत टक झालं की उठा. ती मी असेन, नाहीतर पुष्पा.